पक्षांतरबंदी कायदा : निकाल कोण देतो आणि कधी देतो

तळटीप (धागाकर्ता)

पक्षांतरबंदी कायद्याची आठवण आपल्याला बहुधा एखादे सरकार पडायला आले की होते, आणि त्या गदारोळात सगळी चर्चा आकड्यांभोवती फिरते. किती आमदार फुटले, दोनतृतीयांश संख्या भरली का, खरा प्रतोद कोणाचा, हे प्रश्न महत्त्वाचे असले तरी या धाग्याचा विषय ते नाहीत. कोणत्या पक्षाची बाजू न्याय्य होती, या वादातही मला पडायचे नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की पक्षांतर कशाला म्हणावे यावर आपण अनेक दशके खल केला, मात्र पक्षांतर झाले की नाही हे ठरवायचे कोणी आणि किती दिवसांत, या प्रश्नाकडे जवळजवळ दुर्लक्ष केले. या कायद्याचा जीव तिथेच गेला आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९६७ साली हरियाणात गया लाल या आमदाराने एका पंधरवड्यात तीन वेळा बाजू बदलली आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग देशभर रूढ झाला. त्याच वर्षी लोकसभेने केलेल्या ठरावानुसार पुढे तत्कालीन गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीसमोर आलेली आकडेवारी आजही अस्वस्थ करते. मार्च १९६७ ते फेब्रुवारी १९६८ या एका वर्षात ४३८ पक्षांतरे झाली होती, आणि काही राज्यांतील ज्या २१० पक्षांतरित आमदारांचा हिशेब मांडला गेला, त्यांपैकी ११६ जण आपण पक्षांतर करून आणलेल्या सरकारांत मंत्री झाले होते. तत्त्वनिष्ठेने बाहेर पडलेले किती आणि खुर्चीसाठी गेलेले किती, हे सांगायला वेगळ्या टीकाकाराची गरज राहिली नाही. पुढे १९७३ आणि १९७८ साली विधेयके आली, पण ती तडीस गेली नाहीत. अखेर जानेवारी १९८५ मध्ये ५२वी घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांनी दोन दिवसांत मंजूर केली आणि संविधानाला दहावी अनुसूची जोडली गेली. हाच पक्षांतरबंदी कायदा, ज्यानुसार पक्ष सोडणारा सदस्य अपात्र ठरतो, म्हणजे त्याचे सदस्यत्व जाते.

त्या अनुसूचीच्या सहाव्या परिच्छेदात मेख आहे. आमदार-खासदाराच्या इतर अपात्रतांचा, म्हणजे लाभाचे पद वगैरेचा, वाद उद्भवला तर अनुच्छेद १०३ आणि १९२ प्रमाणे राष्ट्रपती किंवा राज्यपाल निर्णय देतात आणि तो निवडणूक आयोगाच्या मतानुसारच द्यावा लागतो. पक्षांतराचा वाद मात्र सभागृहाच्या अध्यक्षांकडे सोपवला गेला. ज्या बहुमताच्या बळावर अध्यक्ष त्या आसनावर बसतात, त्याच बहुमताचे भवितव्य ठरवणारा खटला त्यांनी चालवायचा, अशी ही रचना आहे. १९९२ च्या किहोटो होलोहान प्रकरणात घटनापीठाने तीन विरुद्ध दोन अशा मताने ही व्यवस्था वैध ठरवली, मात्र अध्यक्षांच्या निर्णयाचे न्यायालयीन पुनर्विलोकन होऊ शकते हेही स्पष्ट केले. अल्पमतातील न्यायमूर्ती ललित मोहन शर्मा आणि जे. एस. वर्मा यांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता की, ज्याचा कार्यकाळ सभागृहातील बहुमताच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याला स्वतंत्र निवाडा करणारा म्हणता येणार नाही.

हे केवळ तात्त्विक नाही, हे दाखवण्यासाठी उत्तर प्रदेशातील एक प्रकरण थोडे जवळून पाहू. २७ ऑगस्ट २००३ रोजी बहुजन समाज पक्षाच्या १३ आमदारांनी राज्यपालांची भेट घेऊन विरोधी पक्षनेत्याला सरकार स्थापनेसाठी बोलावण्याची विनंती केली. नवे सरकार सत्तेवर आले. पक्षाने सप्टेंबरच्या सुरुवातीला अपात्रतेचा अर्ज दाखल केला. त्या काळी अनुसूचीच्या तिसऱ्या परिच्छेदानुसार एकतृतीयांश सदस्य फुटले तर ती ‘फूट’ मानली जाऊन सर्वांना संरक्षण मिळत असे. पक्षाचे आमदार होते १०९, म्हणजे किमान ३७ जण हवेत. भेटीला गेले होते १३. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणखी २४ जण येऊन मिळाले आणि बेरीज बरोबर ३७ झाली. अध्यक्षांनी फूट लगेच मान्य केली, अपात्रतेचा अर्ज मात्र तसाच ठेवला, आणि तो पुढच्या अध्यक्षांनी २००५ मध्ये फेटाळला. उच्च न्यायालय आणि मग सर्वोच्च न्यायालय असा प्रवास होऊन १४ फेब्रुवारी २००७ रोजी निकाल लागला. न्यायालयाने म्हटले की अध्यक्षांना अपात्रतेचा अर्ज बाजूला ठेवून फूट मान्य करता येत नाही, राज्यपालांच्या भेटीच्या दिवशी फूट पडल्याचा पुरावा नाही, आणि ते १३ जण २७ ऑगस्ट २००३ पासूनच अपात्र आहेत. त्यानंतर काही आठवड्यांतच नव्या विधानसभेची निवडणूक सुरू झाली. त्या १३ जणांनी जवळजवळ पूर्ण कार्यकाळ उपभोगला होता.

आता उलट टोक पाहा. गोव्यात डिसेंबर १९९० मध्ये दोन आमदार विरोधी गटाबरोबर राज्यपालांकडे गेले, तेव्हा त्यांना नोटीस मिळाली आणि नियमात सात दिवसांची मुदत असताना दोन दिवसांत उत्तर देण्यास सांगून अपात्रही केले गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या रवी नाईक निकालात ती अपात्रता कायम ठेवली आणि राजीनामा न देताही वर्तनावरून पक्ष सोडल्याचे अनुमान काढता येते, हा महत्त्वाचा नियम घालून दिला. म्हणजे राज्यपालांच्या भेटीला जाण्याच्या एकाच कृतीचा निकाल एके ठिकाणी काही दिवसांत लागतो आणि दुसरीकडे साडेतीन वर्षांत. कायद्याचा मजकूर दोन्हीकडे तोच होता.

न्यायालयाला हे दिसत नाही असे नव्हे. मणिपूरमध्ये २०१७ साली काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेला एक आमदार निकालानंतर आठवडाभरातच विरोधी पक्षाच्या मंत्रिमंडळात मंत्री झाला आणि त्याच्याविरुद्धचे अर्ज जवळजवळ तीन वर्षे पडून राहिले. २१ जानेवारी २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, अपवादात्मक परिस्थिती नसेल तर असे अर्ज तीन महिन्यांत निकाली काढावेत असे म्हटले, आणि अध्यक्षांऐवजी स्थायी न्यायाधिकरण किंवा तत्सम स्वतंत्र यंत्रणा नेमण्याचा विचार संसदेने करावा असेही सुचवले. महाराष्ट्रातील २०२२ च्या अर्जांवरचा निर्णय १० जानेवारी २०२४ रोजी आला, आणि तोही सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिल्यावर. ३१ जुलै २०२५ रोजी तेलंगणातील दहा आमदारांच्या बाबतीत न्यायालयाला पुन्हा तीन महिन्यांची मुदत द्यावी लागली. प्रत्येक वेळी कोणीतरी दिल्लीपर्यंत जायचे, तेव्हा कुठे इथली फाईल हलायची.

जाणकारांची मते वाचायला आवडतील.

गॅलरीतून

लेख नेमका आहे, पण माझा रोख थोडा वेगळा आहे. आपण सारे लक्ष सरकार पाडणाऱ्या पक्षांतरावर केंद्रित केले आहे. तसा प्रसंग पाच वर्षांत एखादे वेळी येतो. या कायद्याचा रोजचा परिणाम आहे तो पक्षादेशाचा (व्हिपचा), आणि त्याकडे कोणी पाहत नाही.

काही वर्षे मला अधिवेशनाचे कामकाज प्रेक्षागृहातून पाहण्याचा योग आला. एका संध्याकाळी बरेच उशिरा एक विधेयक मतास टाकले गेले. ज्या व्यवसायावर त्याचा परिणाम होणार होता, त्या व्यवसायातील लोकांचा एका सत्ताधारी आमदाराच्या मतदारसंघात मोठा भरणा होता आणि दुपारीच त्यांचे शिष्टमंडळ त्याला भेटून गेले होते. आवाजी मतदानात त्याने ‘होय’ म्हटले. बाहेर आल्यावर मी विचारले की कलम अमुक तुम्ही वाचलेत का. तो अगदी निर्मळपणे म्हणाला, “पक्षादेश निघालेला आहे. वाचून मी वेगळे काय करणार होतो?” त्याच्या उत्तरात लबाडी नव्हती, म्हणूनच ते लक्षात राहिले.

दहाव्या अनुसूचीच्या दुसऱ्या परिच्छेदाप्रमाणे पक्षाच्या निर्देशाविरुद्ध मतदान केले किंवा गैरहजर राहिले, आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. अर्थसंकल्प असो, विश्वासदर्शक ठराव असो किंवा एखादे साधे दुरुस्ती विधेयक असो, कायदा भेद करत नाही. किहोटो होलोहान निकालातच न्यायालयाने सुचवले होते की अपात्रता ओढवणारा निर्देश सरकारच्या अस्तित्वाचा प्रश्न असलेल्या मतदानापुरता, किंवा पक्षाच्या मूलभूत धोरणाशी निगडित विषयापुरता असावा. त्याआधी १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीनेही जवळपास हेच म्हटले होते. पक्षांनी ते कानाआड केले, कारण सर्वच पक्षश्रेष्ठींना ही तरतूद सोयीची आहे. सत्तेतले आणि विरोधातले यांचे इतके मनापासून एकमत दुसऱ्या कशावर क्वचितच दिसते.

तेव्हा मला वाटते, निवाडा करणारा बदलण्याआधी गुन्ह्याची व्याप्ती कमी करा. विश्वास आणि अविश्वास ठराव, तसेच अर्थविषयक विधेयके एवढ्यापुरताच पक्षादेश बंधनकारक ठेवला, तर अर्जांची संख्याही घटेल आणि आमदाराला कलमे वाचण्याचे काही कारण उरेल.

उलटतपासणी

मी वकिली करतो आणि या विषयाशी माझा संबंध येतो तो विधानसभेत नव्हे, तर त्याहून खालच्या पायरीवर, जिथे वर्तमानपत्रांचे लक्ष फारसे नसते. महाराष्ट्रात नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यांसाठी १९८६ चा स्वतंत्र अनर्हता अधिनियम आहे. त्यात नगरपरिषद सदस्याच्या पक्षांतराचा निर्णय नगराध्यक्षाकडे नसून जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. म्हणजे मूळ लेखात मागितलेली ‘सभागृहाबाहेरची यंत्रणा’ आपल्याच राज्यात खालच्या पातळीवर कित्येक वर्षे काम करते आहे. तिचा अनुभव सांगणे उपयोगी ठरेल.

अशा सुनावणीत वाद तत्त्वाचा कधीच नसतो. वाद असतो पक्षादेश मिळाला की नाही याचा. नगराध्यक्षपदाच्या किंवा सभापतिपदाच्या निवडणुकीआधी सदस्य सहलीवर गेलेले असतात. गटनेता पक्षादेश घेऊन माणूस पाठवतो, घराला कुलूप असते, मग तो दारावर चिकटवला जातो, दोन पंचांच्या सह्या घेऊन पंचनामा होतो, मोबाईलवर छायाचित्र काढले जाते, नोंदणीकृत टपालानेही एक प्रत जाते आणि एखाद्या स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस येते. सुनावणीत सदस्य सांगतो की मला काहीच मिळाले नाही, दारावरचा कागद पावसाने गेला असेल. त्याचा वकील पुढे विचारतो की मुळात हा गटनेता कोणत्या बैठकीत निवडला गेला, त्या बैठकीचे इतिवृत्त कुठे आहे, आणि गटनोंदणीच्या यादीवर माझ्या अशिलाची सही आहे का. मी स्वतः एका प्रकरणात केवळ सही खरी की खोटी यावर तीन तारखा घालवल्या आहेत, आणि त्या तारखा मागणारा मीच होतो, हे कबूल करतो.

या अनुभवातून दोन गोष्टी सांगता येतात. पहिली अशी की, निवाडा करणारा बाहेरचा असला म्हणून काम आपोआप वेगाने होत नाही. अधिकारी बदलून जातात, इतर कामांचा रेटा असतो, आणि वरून ‘जरा थांबा’ असे सुचवले जात नाही असेही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. दुसरी गोष्ट मात्र धागाकर्त्याच्या बाजूची आहे. या प्रकरणांत तथ्ये फार थोडी असतात. दोन-तीन साक्षीदार, एक पंचनामा, एक नोंदवही, मतदानाचा एक तक्ता. मनावर घेतले तर तीन महिने भरपूर आहेत.

शंकासूर

न्यायाधिकरण किंवा निवडणूक आयोग म्हटले की आपण निश्चिंत होतो. पण आयुक्त नेमणार कोण? मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवड समितीत सरन्यायाधीश असावेत असे सांगितले, ते संसदेचा कायदा होईपर्यंत. त्याच वर्षी कायदा झाला आणि सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नामनिर्देशित केलेला केंद्रीय मंत्री आला. तीनपैकी दोन मते सरकारची. आसन बदलून माणूस बदलत नसेल तर फरक काय पडला?

सीमेपलीकडून

शंकासूर यांची शंका रास्त आहे, म्हणून शेजारी काय घडले ते पाहू. लोकशाही रुजत असलेल्या अनेक देशांनी या प्रश्नावर कायदे केले, आणि प्रत्येकाने निराळा मार्ग धरला.

बांगलादेशाच्या संविधानातील अनुच्छेद ७० आपल्याहून कडक होता. पक्षाविरुद्ध मत दिले की जागा रिकामी होते, आणि तशी जागा रिकामी झाली का याचा वाद निवडणूक आयोगाकडे जातो. तिथे पक्षांतरे थांबली, परंतु संसद पक्षनेतृत्वाच्या शब्दाबाहेर जाईनाशी झाली, अशी टीका तिथलेच घटनातज्ज्ञ वर्षानुवर्षे करत आले आहेत. गॅलरीतून यांचा मुद्दा तिथे मोठ्या अक्षरांत वाचायला मिळतो.

पाकिस्तानात अनुच्छेद ६३-अ आहे. पक्षप्रमुखाने सदस्याने पक्षांतर केल्याचे जाहीर केले की पीठासीन अधिकाऱ्याने ते दोन दिवसांत निवडणूक आयोगाकडे पाठवायचे, आयोगाने ३० दिवसांत निर्णय द्यायचा, आणि अपील, २०२२ मध्ये, थेट सर्वोच्च न्यायालयात. हा कालबद्ध क्रम संविधानातच लिहिला आहे. १६ एप्रिल २०२२ रोजी पंजाब प्रांताच्या विधानसभेत २५ सदस्यांनी पक्षाविरुद्ध मत दिले आणि २० मे रोजी आयोगाने त्यांच्या जागा रिकाम्या केल्या. तिथली लोकशाही आपल्याहून निरोगी आहे असे कोणी म्हणणार नाही, आणि त्या आयोगावरही पक्षपाताचे आरोप झालेच. तरीही महिन्याभरात निकाल लागला, कारण कॅलेंडर कोणाच्या हाती नव्हते. याच अनुच्छेदाचा अर्थ लावताना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये असे मत मोजलेच जाणार नाही असे म्हटले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते मत फिरवले, ही कथा वेगळीच आहे.

तिसरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे. तिथे मतदार पक्षाच्या यादीला मत देतात, त्यामुळे पक्ष सोडला की जागा जाणे तर्कसंगत होते. २००२-०३ मध्ये कायदा बदलून ठरावीक वर्षी सप्टेंबरमधल्या पंधरा दिवसांत पक्ष बदलण्याची मुभा दिली गेली, अट अशी की पक्षाच्या किमान दहा टक्के सदस्यांनी एकत्र जावे. छोट्या पक्षांत एकटा सदस्यही दहा टक्के भरत असे आणि मोठ्या पक्षात डझनावारी जमवावे लागत. परिणाम व्हायचा तोच झाला. माणसे मोठ्या पक्षाकडे, विशेषतः सत्ताधारी पक्षाकडे, सरकली. लोकांचा रोष वाढला आणि २००९ च्या जानेवारीत ती मुभा रद्द झाली. चूक लक्षात आल्यावर सहा-सात वर्षांत ती मागे घेतली गेली, हे मला त्यात सर्वांत लक्षणीय वाटते. आपल्याकडे ‘एकतृतीयांश फूट’ ही तशीच पळवाट होती आणि ती बंद करायला १९८५ पासून २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीपर्यंत थांबावे लागले.

जुना मतदार

मी कायद्याचा अभ्यासक नाही, पण मत देत आलो आहे आणि एक विचारतो. मतदारालाच जर काही वाटत नसेल तर हा सगळा खटाटोप कशासाठी?

कर्नाटकात २०१९ मध्ये १७ आमदार अपात्र ठरले. अध्यक्षांनी त्यांना विधानसभेची मुदत संपेपर्यंत निवडणूक लढवण्यासही मनाई केली होती. सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, मात्र ही मनाई रद्द केली. डिसेंबरमध्ये १५ जागांवर पोटनिवडणूक झाली, १२ जागा त्यांच्या नव्या पक्षाने जिंकल्या, त्यांत बहुतेक हेच चेहरे होते, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांतले दहा जण मंत्री झाले. सगळे कायदेशीर.

गोव्यात तर २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना मंदिर, चर्च आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली होती. २०१९ मध्ये पक्षाचे १५ पैकी १० आमदार गेले होते, म्हणून ही काळजी. सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ गेले. देवाला साक्षी ठेवून काही झाले नाही, तिथे न्यायाधिकरण काय करणार?

तळटीप (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. क्रमाने नाही, पण शक्य तेवढ्या मुद्द्यांना उत्तर देतो.

जुना मतदार यांनी दिलेली दोन उदाहरणे एकत्र ठेवू नयेत असे मला वाटते, कारण त्यांतला फरकच महत्त्वाचा आहे. कर्नाटकात जागा रिकाम्या झाल्या आणि लोकांना विचारले गेले. लोकांनी काय उत्तर दिले ते मला पटो वा न पटो, त्यांना विचारले गेले होते. अनुच्छेद १६४(१-ब) सुद्धा हेच सांगतो की अपात्र ठरलेला सदस्य मुदत संपेपर्यंत किंवा पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री होऊ शकत नाही. गोव्यात मात्र कोणालाच विचारले गेले नाही. चौथ्या परिच्छेदातील विलीनीकरणाची तरतूद पुढे केली गेली, जी दोनतृतीयांश सदस्य सहमत असतील तर संरक्षण देते. मूळ पक्ष आपल्या जागी तसाच उभा, त्याचे कार्यालय, त्याचे चिन्ह, त्याचा अध्यक्ष सगळे शाबूत, आणि तरी तो ‘विलीन झाला’ असे मानायचे. २०१९ च्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने फेब्रुवारी २०२२ मध्ये हा अर्थ मान्य केला. विधी आयोगाने १९९९ च्या १७०व्या अहवालातच फूट आणि विलीनीकरण या दोन्ही सवलती काढून टाकण्याची शिफारस केली होती. आपण एक काढली, दुसरी ठेवली. एकट्याने पक्ष सोडला तर शिक्षा आणि जमावाने सोडला तर अभय, हा उरफाटा न्याय अजून चालू आहे.

गॅलरीतून यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे, एवढेच म्हणेन की या दोन सुधारणा एकमेकींच्या आड येत नाहीत. पक्षादेशाची व्याप्ती कमी केली तरी विश्वासदर्शक ठरावाच्या वेळचे पक्षांतर उरेलच, आणि तिथेच विलंबाची किंमत सर्वाधिक असते.

शंकासूर यांना उत्तर देणे अवघड आहे. नेमणुकीचा प्रश्न खराच आहे. तरी एक भेद करावासा वाटतो. आयुक्त किंवा निवृत्त न्यायमूर्ती एकदा नेमले गेले की त्यांना काढणे कठीण असते, तर अध्यक्षांना सभागृहाच्या तत्कालीन सर्व सदस्यांच्या बहुमताच्या ठरावाने हटवता येते. शिवाय त्यांचे पुढचे तिकीट त्याच पक्षाच्या हाती असते. १९६७ साली लोकसभा अध्यक्ष झाल्यावर नीलम संजीव रेड्डी यांनी पक्षाच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला होता. दहाव्या अनुसूचीचा पाचवा परिच्छेद अध्यक्षांना तसा राजीनामा देण्याची मुभाही देतो, पण तिचा वापर करणारे विरळाच. २००८ मध्ये सोमनाथ चॅटर्जी यांनी पक्षाचे न ऐकता अध्यक्षपद सोडले नाही, तेव्हा पक्षाने त्यांना काढून टाकले. निःपक्षपाती राहिल्याचे बक्षीस असे मिळत असेल तर इतरांनी काय धडा घ्यावा?

आणि अध्यक्ष-न्यायालय संघर्षाची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतो. मणिपूरच्या तत्कालीन अध्यक्षांनी अपात्रतेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आपल्यावर बंधनकारक नाहीत अशी भूमिका घेतली, आणि १९९३ मध्ये न्यायालयाला, गरज पडल्यास किमान बळाचा वापर करून त्यांना हजर करा, असा आदेश केंद्र सरकारला द्यावा लागला. अखेर ते हजर झाले आणि अवमानाची कारवाई पुढे गेली नाही. सभागृहाच्या अध्यक्षाला पकडून आणण्याची वेळ यावी, इतका अवघड भार आपण त्या पदावर टाकला आहे. हा भार काढून घेणे म्हणजे त्या पदाचा मान कमी करणे नव्हे, असे मला वाटते.

शंकासूर

हटवणे कठीण असण्याचा मुद्दा मान्य. पण घटनादुरुस्तीला दोनतृतीयांश बहुमत लागते आणि ज्यांना या विलंबाचा फायदा होतो, त्यांनीच ती करायची आहे. आज हा पक्ष फायद्यात, उद्या तो. तोपर्यंत काय?

उलटतपासणी

तोपर्यंत करण्याजोगे एक छोटे काम आहे आणि त्याला घटनादुरुस्ती लागत नाही. दहाव्या अनुसूचीच्या आठव्या परिच्छेदाने अध्यक्षांना कार्यपद्धतीचे नियम करण्याचा अधिकार दिला आहे. ते नियम सभागृहापुढे ३० दिवस ठेवावे लागतात आणि सभागृह त्यांत फेरबदल करू शकते. म्हणजे एखाद्या राज्याची विधानसभा उद्या ठरवील तर नियमांत निकालासाठी ९० दिवसांची मुदत घालता येईल, आणि ती ओलांडल्यास कारणे लेखी नोंदवून सभागृहापुढे ठेवावीत असेही म्हणता येईल. ती मुदत काटेकोरपणे बंधनकारक मानायची की केवळ मार्गदर्शक, यावर वाद होईल हे उघड आहे. पण उच्च न्यायालयात उभे राहणाऱ्या माणसाच्या हाती आज जे नाही ते असेल, म्हणजे सभागृहाने स्वतःच मान्य केलेली एक तारीख.

लोकसभेचे १९८५ चे नियम काढून पाहा. अर्ज सही करून सत्यापित केलेला असावा, सोबत कागदपत्रांच्या प्रती असाव्यात, ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्या सदस्याने प्रत मिळाल्यापासून सात दिवसांत आपले म्हणणे मांडावे, गटनेत्याने आपल्या सदस्यांची यादी ३० दिवसांत द्यावी, असे सगळे तपशिलाने लिहिले आहे. अर्जदाराला, सदस्याला आणि गटनेत्याला काय करायचे ते दिवसांसकट सांगितले आहे. अध्यक्षांनी निकाल किती दिवसांत द्यावा, तो आकडा तेवढा त्यात नाही.